सहाचे त्रेचाळीस : ‘दहा वर्षांची सरासरी’ दाखवून गळ्यात मारलेला शेअर

सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर या पट्ट्यात निवृत्त लोकांसाठी शेअर गुंतवणुकीची मोफत शिबिरं भरवणारे काही जण फिरत असतात. त्यातल्या एकाने मला आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना फसवलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कंपनीचंही नाही, कारण तक्रार दाखल आहे. पण पद्धत सगळी आकड्यांसकट लिहितोय. त्याने वापरलेलं सूत्र शंभर टक्के खरं आहे, जगभर मान्य आहे, आणि म्हणूनच त्याच्या आडून केलेली लबाडी लवकर ध्यानात येत नाही.

आधी ते सूत्र काय आहे ते सांगतो. शेअर स्वस्त की महाग हे बघायला आपण भावाला प्रति शेअर नफ्याने भागतो, तो पीई. अडचण अशी की एका वर्षाचा नफा फसवा असतो. पोलाद, साखर, सिमेंट, फौंड्री असे धंदे चक्राने चालतात. तेजीच्या वर्षी नफा फुगतो आणि शेअर स्वस्त दिसतो, मंदीच्या वर्षी नफा आटतो आणि तोच शेअर भयंकर महाग दिसतो. म्हणून बेंजामिन ग्रॅहम यांनी १९३० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्या. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी त्यात महागाईचा हिशेब घातला. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आजच्या रुपयापेक्षा वजनदार होता, तेव्हा प्रत्येक वर्षाचा नफा महागाई निर्देशांकाने आजच्या रुपयांत आणायचा, मग सरासरी काढायची आणि आजच्या भावाला तिने भागायचं. याला केप किंवा शिलर पीई म्हणतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांचा नफा कोसळला तेव्हा तिथल्या एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकाचा साधा पीई शंभराच्या वर गेला होता, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये शिलर पीई तेराच्या आसपास होता. बाजार त्या वेळी खरोखर स्वस्त होता आणि ते सरासरीनेच दाखवलं. उलट १९९९ च्या अखेरीस हेच गुणोत्तर ४४ वर गेलं होतं, त्यानंतरची पडझड सगळ्यांना माहीत आहे. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून.

हे सगळं आम्हाला त्या माणसानेच शिकवलं, २०२२ च्या पावसाळ्यात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. शिकवलं अगदी छान, आणि त्यात एकही चूक नव्हती. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे चांगलं शिकवणं मला ओळखता येतं.

शेवटी त्याने एका कंपनीचा कागद वाटला. ओतकाम करणारी छोटी कंपनी, मुंबई शेअर बाजारात नोंदलेली, रोज जेमतेम काही शेअरांची उलाढाल. कागदावर दहा वर्षं, प्रत्येक वर्षाचा प्रति शेअर नफा, पुढे महागाईचा गुणक, शेवटी गुणाकार. सरासरी सव्वाचौदा रुपये. शेअरचा भाव ८६. गुणोत्तर सहा. बाजाराचं गुणोत्तर याच्या कितीतरी पट होतं. मला म्हणाला, ‘‘सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही गणिताचे शिक्षक, घरी जाऊन ताळा करा. वार्षिक अहवाल बाजाराच्या वेबसाइटवर आहेत, कुणीही उघडून बघावेत.’’

मी ताळा केला. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर. २०१२-१३ चा अहवाल उघडला, त्यात प्रति शेअर नफा १५ रुपये छापलेला होता आणि कागदावरही १५. २०१६-१७ चा उघडला, अहवालात ९, कागदावर ९. अलीकडच्या वर्षांचे आकडे मात्र अगदीच बारीक होते, दीड रुपया, साठ पैसे, सव्वा रुपया. त्याबद्दल फोन केला. उत्तर तयार होतं : ‘‘सर, हेच तर सूत्राचं मर्म आहे. चक्र तळाला आहे म्हणून नफा बारीक दिसतोय. यंदाचा नफा बघायचा नाही, सरासरी बघायची.’’ तो शिबिरात जे शिकवून गेला होता त्याच्याशी हे तंतोतंत जुळत होतं.

मी सव्वाचार लाखांचे शेअर घेतले. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी यजमानांच्या विम्याच्या पैशातून घेतले, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे. खरेदी कशी करायची याच्या सूचना व्हॉट्सअॅपवर यायच्या. आज अमुक भावाची लिमिट ऑर्डर टाका, सकाळी साडेदहानंतर टाका, एकदम सगळे घेऊ नका. ज्या शेअरला एरवी विकणारा सापडत नसे तो आम्हाला हवा तितका मिळत होता. कोण विकतंय हा प्रश्न तिथे विचारायला हवा, हे आता प्रत्येकाला सांगतो.

दिवाळीनंतर लोअर सर्किट लागायला लागलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : अशा शेअरला दिवसाची मर्यादा पाच टक्क्यांची असते. भाव पाच टक्के पडला की तिथेच अडतो, विकणाऱ्यांच्या ऑर्डरींची रांग लागते आणि घेणारा एकही नसतो. तुम्ही सव्वानऊच्या आधी ऑर्डर टाकून ठेवा, साडेतीनला ती तशीच परत येते. दुसऱ्या दिवशी आणखी पाच टक्के खाली. भाव चाळिशीच्या खाली आल्यावर माझे निम्मे शेअर गेले. उरलेले अजून डिमॅटमध्ये पडून आहेत.

सल्लागाराचा फोन तोवर बंद झाला होता.

गोम सापडली ती माझ्या पुतण्यामुळे. तो पुण्यात सीएची आर्टिकलशिप करतोय. सुट्टीला आला असताना मी त्याला तो कागद आणि अहवालांच्या प्रिंट दिल्या. त्याने माझ्याकडे नसलेला एक अहवाल मागितला, २०१७-१८ चा. म्हणाला, ‘‘काका, वर्षाचा आकडा त्याच वर्षाच्या अहवालात बघायचा नाही, पुढच्या वर्षाच्या अहवालात बघायचा.’’ नफा-तोटा पत्रकात चालू वर्षाच्या शेजारी मागच्या वर्षाचा रकाना असतो. त्या रकान्यात २०१६-१७ चा प्रति शेअर नफा होता १ रुपया ८० पैसे. माझ्या हातातल्या २०१६-१७ च्या अहवालात त्याच वर्षाचा तोच आकडा ९ रुपये होता.

दोन्ही आकडे खरे होते. मधल्या काळात कंपनीने शेअरचं विभाजन केलं होतं. दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले. धंदा तोच, नफा तोच, पण वाटेकरी शेअर पाचपट. विभाजन झालं की मागच्या वर्षाचा प्रति शेअर नफा नव्या शेअरसंख्येवर मांडून दाखवावा लागतो, तसा हिशेबाचा नियमच आहे. पण त्याच्याही आधीचे जुने अहवाल कुणी परत छापत नाही, ते जसेच्या तसे वेबसाइटवर राहतात. भावाच्या आलेखातही काही दिसत नाही, कारण आलेख दाखवणाऱ्या वेबसाइट जुने भाव आपोआप पाचाने भागून घेतात. म्हणजे २०१६-१७ पर्यंतचे सगळे नफे दहा रुपयांच्या शेअरचे, आणि त्यांच्या सरासरीने भागायला घेतलेला ८६ रुपये भाव मात्र दोन रुपयांच्या शेअरचा. सल्लागाराने मला जे तपासायला सांगितलं ते तपासून कुणालाही बरोबरच वाटलं असतं. त्याने ते त्यासाठीच सांगितलं होतं.

आता महागाईचा गुणक बघा. २०११-१२ चा नफा २०२१-२२ च्या रुपयांत आणायला साधारण पावणेदोनने गुणावं लागतं. २०१८-१९ ला हाच गुणक जेमतेम १.१७. म्हणजे वर्ष जितकं जुनं तितकी फुगवण जास्त. आणि आमच्या कागदावर खोटे आकडे नेमके जुन्याच वर्षांचे होते. सूत्रानेच खोट्याला बळ दिलं. २०११-१२ चे १६ रुपये गुणून २८ झाले. विभाजन हिशेबात घेतलं असतं तर ते पावणेसहाच्या आत राहिले असते.

दुसरी लबाडी २०१४-१५ मध्ये होती. त्या वर्षी प्रति शेअर नफा ३१ रुपये. अहवालात खाली बारीक टीप : त्यातले २२ रुपये रस्त्यालगतची जमीन विकून आलेले, ‘अपवादात्मक बाब’. जमीन एकदाच विकता येते. ती रक्कम दहा वर्षांच्या सरासरीत घालायची, तीही महागाईने वाढवून, म्हणजे कंपनी दर दहा वर्षांनी तशी एक जमीन विकणार असं धरायचं. तिसरी लबाडी वर्षांच्या निवडीत. कागदावर दहा वर्षं होती खरी, पण २०११-१२ पासून २०२१-२२ पर्यंत मोजली तर अकरा भरतात. मधलं २०२०-२१ गाळलेलं होतं. त्या वर्षी तोटा होता, आणि तळटीप होती : ‘कोरोनामुळे अपवादात्मक वर्ष वगळले.’ ही टीप मी वाचली होती आणि मला ती रास्त वाटली होती. पण या पद्धतीचा सगळा अर्थच असा आहे की वाईट वर्षं आत राहिली पाहिजेत. तोटा अपवाद म्हणून बाहेर आणि जमीनविक्री नेहमीची म्हणून आत, असं चालत नाही.

पुतण्याने आणि मी बसून परत हिशेब केला. २०१२-१३ ते २०२१-२२ अशी सलग दहा वर्षं, जुने आकडे पाचाने भागून, जमीन वगळून, तोटा वजा करून, तेच महागाईचे गुणक. सरासरी आली दोन रुपयांच्या आसपास. ८६ भागिले २ म्हणजे ४३. आम्हाला सहाच्या गुणोत्तराचा म्हणून विकलेला शेअर त्रेचाळीसच्या गुणोत्तराचा होता.

त्या कागदाचा मला अजूनही राग येतो. चांगल्या विद्येचा असा वापर केल्याचा राग जास्त येतो. काकूंना त्यांचा मुलगा म्हणाला की आई, तुला कळत नव्हतं तर पडायचं कशाला. कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते आणि प्रत्येकाला त्यांना खोटं उत्तर मिळालं. फसवणारा माणूस बाजूला राहतो आणि बोल बाईला, हे थांबायला हवं.

लबाडी नसती तरी हे सूत्र एकट्या कंपनीला लावताना जपायला हवं होतं, हे मी नंतर वाचून समजून घेतलं. शिलर यांनी ते पूर्ण बाजारासाठी वापरलं. बाजारात एक कंपनी बुडते, दुसरी येते, निर्देशांक चालू राहतो, म्हणून बाजाराचा नफा सरासरीकडे परत येईल असं म्हणायला आधार आहे. एकटी कंपनी सरासरीकडे परत यायला बांधील नाही. तिचं मोठं गिऱ्हाईक गेलं, यंत्रं जुनी झाली, जमीन विकून धंदा आवरता घेतला, तर दहा वर्षांपूर्वीचा नफा म्हणजे गेलेल्या कंपनीचा नफा. आमच्या कंपनीत तेच चाललं होतं. साधी विक्रीची रक्कम बघितली तरी ती वर्षानुवर्षं घटत होती. त्या कागदावर विक्रीचा रकानाच नव्हता.

सल्लागाराच्या कार्डावर नोंदणी क्रमांक होता. तो एआरएनने सुरू होत होता. एआरएन म्हणजे म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक, त्यावर शेअरचा सल्ला देता येत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएचने. दोन्हींच्या याद्या सेबीच्या वेबसाइटवर नावासकट आहेत.

आणि विकत कोण होतं, तेही सापडलं. कंपनी दर तिमाहीला भागधारकांचा तक्ता जाहीर करते, एक टक्क्याहून जास्त शेअर असलेल्यांची नावं त्यात असतात. आमच्या खरेदीच्या आधीच्या तक्त्यात दोन नावं होती, शिबिरात ‘माझे सहकारी’ म्हणून ओळख करून दिलेल्यांची. डिसेंबरच्या तक्त्यात ती नावं नाहीत. तक्रारीला हेच दोन तक्ते जोडलेत.

पोलिसांकडे जाताना एक समजून घ्या. ठेवी बुडाल्या की एमपीआयडी कायदा लागतो, तो ठेवींसाठी आहे. इथे आपण ठेव ठेवलेली नसते, शेअर आपल्याच खात्यात आलेले असतात, त्यामुळे खोटी माहिती देऊन खरेदी करायला लावलं हेच कागदांनी दाखवावं लागतं. म्हणून व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. गट बंद झाला असेल तरी गप्पा फोनमध्ये राहतात, त्या एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा. ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटवर प्रत्येक खरेदीची वेळ असते, ती मेसेजच्या वेळेशेजारी मांडा. शिबिरात वाटलेला मूळ कागद, फी दिली असेल तर तिची पावती, कार्ड, सगळं जपून ठेवा. सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार करायला आता एका वर्षाची मुदत आहे. ज्यांच्या डिमॅटमध्ये असा शेअर आहे आणि सोबत दहा वर्षांच्या सरासरीचा असा कागद आहे, त्यांनी आधी खरेदीची तारीख बघावी आणि मग कंपनीने शेअरचं विभाजन केलं किंवा बोनस म्हणून फुकट जादा शेअर दिले असतील तर त्याची.