फॉर्म भरून देणारं सायबर कॅफे, सदाशिव पेठ: काम चोख, पण शेवटच्या तारखेला जाऊ नका

नाव नाही लिहीत, पण अभ्यासिकांच्या गल्लीत राहणाऱ्यांना बरोब्बर कळेल. भरतीचे फॉर्म मोबाईलवर भरायचे म्हणजे डोक्याला ताप, एकतर ओटीपी येत नाही, आला तर सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून नाव पत्ता दहावीची टक्केवारी भरत बसा. इथल्या दादांचा हात बसलाय. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, वर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं डिक्लरेशन, हे सगळं स्कॅन करून, कापून मापात बसवून दिलं आणि सही कॅपिटलमध्ये चालत नाही हेही आधीच सांगितलं.

आता वैताग. शेवटच्या तारखेला रेट सरळ डबल. आणि सबमिटच्या आधी प्रिव्ह्यू नीट बघूच देत नाहीत, "मागे रांग आहे, पटकन बघा ना". अहो २०२३ च्या तलाठी भरतीला ओपनची फी १००० आणि राखीवची ९०० होती, एवढे पैसे भरायचे तर जन्मतारीख, कॅटेगरी, नॉन क्रिमीलेयरचा नंबर दोनदा बघायला नको का?

अजून एक, रजिस्ट्रेशनला दुकानाचाच मेल आयडी टाकतात, ते अजिबात करू देऊ नका, नाहीतर हॉलतिकिटासाठी परत त्यांच्याच दारात. पेन ड्राईव्ह सोबत न्या आणि स्कॅन केलेलं सगळं मागून घ्या, न मागता देत नाहीत.