पदविकेची फी: शाहू शिष्यवृत्ती की शैक्षणिक कर्ज?

दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, 'महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या ऑनलाइन पोर्टलच्या, भरवशावर राहू की कर्जासाठी बँकेत जाऊ?'

पैशाचा हिशोब सरळ आहे. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं आणि ती फेडायची नसते. कर्जावर मात्र शिक्षण चालू असतानाही व्याज चढतं. हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आई किंवा वडिलांना सहकर्जदार व्हावं लागतं.

खरी मेख कागदपत्रांत आहे. शिष्यवृत्तीला प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विषय संपला. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) जूनच्या आधीच काढून ठेवा. दरवर्षी अर्ज नव्याने करायचा. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही लटकते, आणि तसंही ती कधी जमा होईल याचा नेम नाही. तोवर कॉलेज पूर्ण फी मागून बसलं, तर सोय तुम्हालाच करावी लागते. बँकही कागद मागते, पण कर्जाचा अर्ज एकदाच करायचा.

वसतिगृह, मेस, पुस्तकं यांना ही शिष्यवृत्ती पुरत नाही. कर्जात हा खर्च बसतो.

घराजवळ सरकारी पॉलिटेक्निक मिळालं तर शिष्यवृत्ती पुरे, कर्जाच्या वाटेला जाऊच नका. परगावी खासगी कॉलेज असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज करा आणि उरलेल्यापुरतंच कर्ज काढा.