वॉशिंग मशीनचं 'डिले' बटण: वर्षभर वापरल्यानंतर

आधी सर्व्हिसचं सांगते, कारण त्याच रागात लिहायला बसलेय. मागच्या आठवड्यात मशीन 'पाणी नाही' दाखवून थांबलं. नळ तर धो धो चालू. सर्व्हिसवाल्यानं फोनवरच व्हॉल्व्ह गेल्याचं ठरवलं, व्हिजिटचे पैसे वेगळे सांगितले. मी नळ बंद केला, मशीनमागची नळी सोडली. जिथं ती जोडतात तिथं आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. पकडीनं ओढून काढली तर पिवळट गाळानं लिंपलेली. जुन्या टूथब्रशनं घासली, बसवली, मशीन भरायला लागलं. खर्च शून्य. पावसाळ्यात ही जाळी पंधरा दिवसांनी बघाच.

आता 'डिले', म्हणजे धुणं लगेच न होता ठरवलेल्या तासांनी व्हावं म्हणून लावायचं बटण. वीज रात्री स्वस्त असते अशा देशांत याचा उपयोग असेल, आपल्याला काय, असं घेताना वाटलं होतं. पण आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या गल्लीत पाणी येतं पहाटे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं, आमची वेळ मात्र पहाटेचीच राहिली. वर टाकी नाही, मशीन थेट नळावर. म्हणजे रोज साडेचारला उठून बटण दाबा. आता झोपताना कपडे, पावडर टाकते, नळ सोडून ठेवते आणि डिले लावते. उठेपर्यंत धुणं पिळून तयार! इतकी वर्षं मोडलेली झोप एका बटणानं परत दिली, याचं मोल मी पैशात करू शकत नाही.

एक लक्षात ठेवा. टॉप लोड मशीन एकदाच पाणी घेत नाही, खळबळायला पुन्हा भरतं. त्यामुळं सगळं धुणं पाण्याच्या वेळेत बसलं पाहिजे. शिवाय माझ्या मशीनमध्ये डिलेचे तास धुणं कधी संपायचं त्याचे धरतात, सुरू कधी व्हायचं त्याचे नाही. तुमच्यात कसं आहे ते पुस्तिकेत बघून घ्या.

सहा महिने मी पाचपैकी पाच तारे दिले असते. मग वळवाचा पाऊस आला आणि रात्री लाईट जायला लागली. चालू धुणं असेल तर लाईट आल्यावर मशीन तिथूनच पुढं जातं, पण लावलेला डिले पुसला जातो! सकाळी बघावं तर कोरडे कपडे, आणि पाणी गेलेलं. जी आठवण चालू धुण्यासाठी ठेवली, ती डिलेसाठी का नाही? एवढ्यासाठी एक तारा कापला.

घ्यायला जाल तेव्हा दुकानात डिले लावून प्लग काढायला लावा, परत जोडून बघा. पुसला गेला तर दुसरं मॉडेल दाखवा म्हणावं.