आठ महिने डेटाबेसचे पॉडकास्ट ऐकले, आता लिहितेच

मागच्या मंगळवारी भर दुपारी आमचं बिलिंग पंधरा मिनिटं ठप्प झालं म्हणून लिहायला बसले, नाहीतर लिहीन लिहीन म्हणत आठ महिने तसेच गेले.

ऑर्डरच्या टेबलला एक कॉलम लावायचा होता. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या ११व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट व्हॅल्यू ठरलेली असली की अख्खं टेबल परत लिहावं लागत नाही, म्हणून ज्युनिअरला म्हटलं टाकून दे रे, क्षणाचं काम आहे. पण अकाउंट्सचा एक रिपोर्ट त्याच टेबलवर केव्हाचा चालू होता, आमचं ऑल्टर (कॉलम लावायची कमांड) त्याच्या मागे थांबलं, अन् ऑल्टरला ॲक्सेस एक्सक्लुझिव लॉक (टेबलचा एकट्याने ताबा) लागतं त्यामुळे त्याच्या मागून आलेल्या नुसतं वाचणाऱ्या साध्या सिलेक्टसुद्धा रांगेत. सीपीयू निवांत, डिस्क निवांत, आणि बिलिंगचं ॲप बंद!

मला राग याचा आला की हे मी ऐकलेलं होतं. पोस्टग्रेस एफएम या पॉडकास्टवर, निकोलाय सामोख्वालोव आणि मायकेल क्रिस्टोफिडेस २०२२ पासून दर आठवड्याला करतात तो. लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा) डीफॉल्टला शून्य असतो म्हणजे कितीही वेळ वाट पाहणार, म्हणून तो एकदोन सेकंदांवर आणा, लॉक नाही मिळालं तर सोडून द्या, थोड्या वेळाने परत करा. नागपूरला इंदोरा चौकातून खापरीला जाताना मेट्रोत ऐकलं होतं, अजनीच्या आसपास, एवढं आठवतं. पण कोणता भाग, कितवं मिनिट? तीस-चाळीस भाग डाउनलोड करून ठेवलेले, मी भर गोंधळात बोटाने मागेपुढे करून राहिले. शेवटी रिपोर्ट कॅन्सल केला. खरं म्हणजे ऑल्टरच कॅन्सल केलं असतं तरी रांग लगेच मोकळी झाली असती अन् अकाउंट्सवाल्या ताईंचं कामही वाचलं असतं, हे रात्री जेवताना लक्षात आलं.

तर माझी मुख्य तक्रार हीच, की ऐकलेलं शोधता येत नाही. पुस्तकाचं पान दुमडता येतं, पॉडकास्टचं काय दुमडणार?

(हे इथवर लिहिलं अन् सहज त्यांची साइट उघडून पाहिली. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेल्याचा लेखी मजकूर, आहे. तिथे शोधलं, दोन मिनिटांत सापडलं. म्हणजे पॉडकास्टवरची तक्रार मागे घेते. आता सगळा राग पॉडकास्ट ऐकायच्या त्या ॲपवर, ज्याला मी वर्षाचे ८९९ रुपये भरले आणि ज्याने हा मजकूर मला एकदाही दाखवला नाही, सर्च दिलाय तोही फक्त नावांवर चालतो. कस्टमर केअरला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा ॲप अपडेट करा एवढंच उत्तर.)

बाकीच्यांबद्दल थोडं. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ हा पॉडकास्ट २००६ पासून चालू आहे, २०१२ पासून आयईईई सॉफ्टवेअर या नियतकालिकाकडे आहे, सहाशेच्या वर भाग. टूल्सवरचे जुने भाग शिळे झालेत ते सोडा, पण डिझाइनवरच्या जुन्या मुलाखती अजून कामाच्या वाटतात, कारण सिस्टिम दोन तुकड्यांत तोडल्यावर ट्रान्झॅक्शनचं (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा कामाचं) काय करायचं हा प्रश्न तेव्हाही तोच होता. अँडी पावलोंचे कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेटाबेसवरचे लेक्चर यूट्यूबवर फुकट आहेत अन् फार सुंदर आहेत, पण ते बघायचे आहेत, नुसते ऐकून बी-ट्री (इंडेक्सची झाडासारखी रचना) डोळ्यासमोर येत नाही, मेट्रोत उभं राहून तर नाहीच. शिवाय दिवसाच्या दीड जीबीत व्हिडिओ परवडत नाही, उलट १२८ केबीपीएसचा तासाभराचा ऑडिओ ५८ एमबीत बसतो, तोही मी घरच्या वायफायवर रात्रीच उतरवून घेते.

आता शंभर पानी वही केलीय. तारीख, भाग, मिनिट, एक ओळ. पहिली नोंद लॉक टाइमआउटची, अन् टेबल बदलायच्या मायग्रेशन स्क्रिप्टमध्ये दोन सेकंद टाकूनही झाले. ॲपचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे, ऑटोपे आजच बंद केलं.