मासा हवाय की त्याचा संसार? बेळगावच्या घरात क्लाउनफिश आणि ॲनिमोन पाळायचे पाच पर्याय

‘निमोला कुठला ॲनिमोन घालू?’ असं दुकानात विचारलं की ‘कुठलाही घाला, बसतोय तो’ हे उत्तर ठरलेलं. पण तसं नसतं. क्लाउनफिशच्या जगात तिसेक जाती आहेत आणि त्यांना घर देणारे ॲनिमोन, म्हणजे दंश करणाऱ्या शुंडकांचे फुलासारखे दिसणारे समुद्रप्राणी, जेमतेम दहा जातींचे. कुणाचं कुणाशी जमतं हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. क्लार्की जातीचा मासा दहाही ॲनिमोनमध्ये राहतो, मरून जातीचा मात्र समुद्रात बबल-टिप नावाचा ॲनिमोन सोडून कुठे सापडत नाही. आपण निमो म्हणून आणतो तो नारिंगी-पांढरा ऑसेलारिस तिघांतच राहतो: मॅग्निफिका, जायंट कार्पेट आणि मर्टेन्स कार्पेट. हे तिघंही घरच्या टाकीत टिकवायला अवघड. त्यातल्या त्यात सोशिक आणि मिळण्यातला ॲनिमोन म्हणजे बबल-टिप, आणि तो नेमका ऑसेलारिसचा नव्हे.

म्हणून आधी हे ठरवा, तुम्हाला मासा हवाय की त्या दोघांचा संसार बघायचाय? मासाच हवा असेल तर ॲनिमोनवाचून काही अडत नाही. संसार बघायचा असेल तर ॲनिमोन आधी निवडा आणि त्याला साजेसा मासा आणा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि मग मासा पंपामागे झोपतो म्हणून हिरमुसतात.

नुसती ऑसेलारिसची जोडी

समुद्रात ॲनिमोनबाहेर राहिलेला क्लाउनफिश लवकरच कुणाच्या तरी पोटात जातो. टाकीत त्याला खाणारं कुणी नसतं, त्यामुळे तो ॲनिमोनशिवाय वर्षानुवर्षं मजेत जगतो. ८०-१०० लिटरची टाकी, साधा लाईट, हीटर आणि नीट चालणारा फिल्टर एवढ्यावर भागतं. दोन लहान पिल्लं एकदम आणा. सगळी जन्मतः नरच असतात, त्यातलं जे वरचढ ठरतं ते पुढे मादी होतं. टाकीतच पैदास झालेली पिल्लं घ्या, ती समुद्रातून धरलेल्यांपेक्षा काटक असतात आणि खायलाही लवकर लागतात. पहिल्या वर्षाला माझं मत याच पर्यायाला.

ऑसेलारिस आणि बबल-टिप

सगळ्यांत जास्त लोक हाच पर्याय घेतात आणि सगळ्यांत जास्त वाट याचीच बघावी लागते. कधी पहिल्याच संध्याकाळी जमतं, कधी महिनोन्‌महिने लागतात, कधी जमतच नाही. टाकीत जन्मलेल्या पिल्लाने ॲनिमोन कधी पाहिलेलाच नसतो. जमायला लागलं की मात्र समोरून उठवत नाही. मासा आधी शेपटी नाहीतर पोटाखालचा पर टेकवतो. शुंडकं अंगाला चिकटतं, जरासं ताणलं जातं आणि सुटतं. मासा झटका बसल्यासारखा मागे सरकतो, एक चक्कर मारून पुन्हा येतो. या वेळी थोडा जास्त वेळ थांबतो. असं करत करत त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरापुढे ॲनिमोनच्या दंशपेशी गप्प राहायला लागतात, आणि मग अख्खा मासा आत लोळताना दिसतो. त्याच्या विष्ठेतलं, श्वासातलं अमोनिया ॲनिमोनच्या अंगातल्या शेवाळाला खत म्हणून मिळतं. रात्री त्याच्या परांच्या हालचालीने शुंडक्यांत पाणी खेळतं ते वेगळंच.

पण हे सगळं ॲनिमोन जगला तर. दीडशे लिटर तरी पाणी, सहा महिने ते वर्षभर मुरलेली टाकी आणि चांगला रीफ लाईट (कोरलच्या टाकीसाठीचा प्रखर दिवा) हवा. अंगातलं शेवाळ प्रकाशावर जगतं आणि ॲनिमोनचं बरंचसं पोट त्यावर चालतं. वरून आठवड्याला नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. मासळी बाजारातली ताजी चालते, मीठ-हळद लावलेली नको. मोठा तुकडा दिलात तर तो रात्री ओकून टाकतो आणि सकाळी पाणी गढूळ.

दुसरी गोष्ट म्हणजे हा प्राणी चालतो. जागा पटली नाही की तळवा सोडून काच चढतो आणि चालता चालता वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपात, जातो. एकदा तो जाळीत ओढला गेला की त्याचे धागे टाकीभर होतात आणि रात्रीत बाकीचे मासेही जातात. म्हणून पंपावर स्पंज किंवा बारीक जाळी आधी, ॲनिमोन नंतर. तळवा आत खुपसता येईल अशी खडकातली खोल भेग मिळाली की तो सहसा हलत नाही.

टोमॅटो किंवा मरून, सोबत बबल-टिप

ज्यांना खरोखर संसारच बघायचाय त्यांनी ऑसेलारिसचा हट्ट सोडावा. टोमॅटो आणि मरून हे दोन्ही क्लाउनफिश समुद्रात बबल-टिपमध्येच राहतात, त्यामुळे टाकीत बहुधा फार वाट बघावी लागत नाही. अडचण स्वभावाची. मरूनची मादी चांगली सहा इंचांपर्यंत होते, टाकीत हात घातला तर चावते आणि दुसऱ्या क्लाउनफिशला जगू देत नाही. टोमॅटो थोडा बरा, पण गरीब नाही. टाकीत बाकी लहान मासे नको असतील आणि दोनशे लिटरच्या वर पाणी असेल, तर मी टोमॅटो घेईन.

कार्पेट आणि मॅग्निफिका

हॅडोनी कार्पेट आणि सीबे क्लाउनफिश ही आपल्याच मन्नारच्या आखातातली जोडी, म्हणून मोह होतो. हॅडोनीला वाळूचा जाड थर लागतो, तो दीड-दोन फुटांपर्यंत पसरतो आणि जवळून जाणारा मासा धरून गिळतो. मॅग्निफिका तर मीटरभरही होतो, त्याला भरपूर प्रकाश आणि जोराचा प्रवाह लागतो. तरीही प्रवासानंतरच बरेच मरतात. तीन-चारशे लिटरची टाकी आणि काही वर्षांचा हात असल्याशिवाय इकडे वळू नका.

ॲनिमोनऐवजी टोडस्टूल लेदर

हा मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ. चालत नाही, मासे खात नाही, मध्यम प्रकाशात भागवतो. ऑसेलारिस बऱ्याचदा त्याच्या झालरीत घर करतो. मधूनच तो आठवडाभर मिटून बसतो आणि मेणासारखा पापुद्रा टाकतो. मेला म्हणून काढून टाकू नका. टॉर्च किंवा हॅमर कोरल घ्या असं कुणी सुचवलं तर थांबा. ते हार्ड कोरल आहेत, आणि सगळे हार्ड कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत येतात.

आता बेळगावचं

आपली हवा निम्मं काम सोपं करते. पावसाळ्यात आणि थंडीत चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) गरज नाही, उलट डिसेंबरात रात्री गारठा पडला की हीटर हवाच. त्रास एप्रिल-मेचा. टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं, आणि बाहेर दुपारी पस्तिशी ओलांडलेली. पाण्यावर पंखा लावला की दोनेक अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं. मीठ मागे राहतं, उडतं ते गोडं पाणी, म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याचीच. सौंदत्तीच्या यात्रेला दोन दिवस घर बंद ठेवणार असाल तर आपोआप भर घालणारी सोय करून जा.

खरी परीक्षा वळवाच्या पावसात. संध्याकाळी वारा सुटतो, लाईट जाते, पाणी गरम आणि प्रवाह बंद. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी. नुसती जोडी बॅटरीवरच्या एअरपंपावर रात्र काढते. ॲनिमोन असेल तर वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतलेला हवा. टिळकवाडी-शहापुरात हे जमून जातं. खानापूर किंवा निपाणीकडच्या खेड्यांत, जिथे लाईट तासन्‌तास जाते, तिथे मी ॲनिमोन सुचवणार नाही.

चोर्ला घाट उतरला की गोवा, तेव्हा समुद्राचं पाणीच कॅनने आणू, हा विचार इथे प्रत्येकाच्या डोक्यात येतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्याला नद्यांचं गढूळ गोडं पाणी मिसळलेलं असतं, एरवीही त्यात काय आलंय ते डोळ्यांना कळत नाही. शिवाय शंभर लिटर म्हणजे शंभर किलोच्या वर ओझं. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी आणि पाकिटातलं समुद्री मीठ वापरा, खारटपणा विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५ वर धरा. बोअरचं पाणी नकोच.

ॲनिमोन मुंबईहून किंवा बंगळूरहून रात्रीच्या बसने मागवण्यापेक्षा गावातल्याच कुणाच्या टाकीत बबल-टिप दुभंगलाय का ते विचारा. तो आपसूक दोन होतो, आणि टाकीत रुळलेला तुकडा समुद्रातून काढलेल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. दुकानातूनच घेणार असाल तर तळवा उलटून बघा, फाटलेला नको. तोंड मिटलेलं हवं, शुंडकं बोटाला चिकटायला हवं. पांढराशुभ्र आणि टोकं जांभळी असलेला बघायला सुंदर दिसतो, पण त्याच्या अंगातलं शेवाळ बहुधा गेलेलं असतं. पिवळाधमक दिसला तर तो रंगवलेलाही असू शकतो. आणि रुंदीने माशाच्या दुप्पट-तिप्पट तरी असावा, नाहीतर मासाच अंग घासून घासून त्याला बेजार करतो.