घरचा डिजिटल जुकबॉक्स: जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय की डीएफप्लेअर?

जुकबॉक्स घरी करायचा म्हटलं की खरेदीची यादी लगेच डोक्यात तयार होते. बोर्ड कुठला, स्क्रीन केवढी, स्पीकर किती वॅटचे. ती यादी जरा बाजूला ठेवा. पेटीसमोर उभा राहणारा माणूस गाणं निवडणार कसं, हे आधी ठरवा. बटण दाबून, कार्ड टेकवून की पडद्यावर बोट फिरवून? एवढं ठरलं की आत काय बसवायचं ते निम्मं आपोआप ठरतं.

मी अशा तीन पेट्या केल्या आहेत. एक जुन्या लॅपटॉपची, एक रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाची आणि एक डीएफप्लेअर मिनी नावाच्या, गाणी वाजवणाऱ्या अंगठ्याएवढ्या मॉड्यूलची. तिन्ही चालू आहेत आणि रोज वेगवेगळ्या हातांत आहेत, म्हणून त्यांच्या खोडी मला चांगल्या ठाऊक आहेत.

१८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सलूनमध्ये लुई ग्लास यांनी नाणं टाकलं की वाजणारा फोनोग्राफ ठेवला. जुकबॉक्सची गोष्ट तिथून सांगतात, पण त्या यंत्रात निवडीला वाव नव्हता. त्यावर चढवलेलं असेल तेच ऐकायचं. पुढे तबकड्या आल्या, अक्षर आणि आकड्याची बटणं आली, तेव्हा त्याला खरं रूप आलं. गाण्यांची यादी समोर छापलेली, एक बटण दाबायचं आणि तेच गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फोनवर लाखो गाणी असताना ही पेटी हवीशी वाटते ती याचसाठी. घरच्या पेटीतही हे जपलं गेलं पाहिजे. तिन्ही पर्याय मी याच कसोटीवर लावते.

जुना लॅपटॉप

ज्यांच्याकडे गाण्यांचा मोठा साठा आहे आणि सोल्डरिंगला हात लावायचा नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही गाणी वाजवायला पुरून उरतो. त्यावर हलकं लिनक्स आणि एमपीडी, म्हणजे म्यूझिक प्लेअर डेमन हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, टाका; विंडोज ठेवायचं असेल तर फूबार२००० हा प्लेअर.

जागेचा हिशोब सोपा आहे. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. अशी दहा हजार गाणी १२० जीबीत बसतात. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत, ठेवायची तर दुपटीहून जास्त जागा धरा. लॅपटॉपच्या डिस्कला दोन्ही झेपतं. वीज गेली तरी बॅटरीमुळे गाणं तुटत नाही. पडद्यावर मराठी नावं जोडाक्षरांसकट नीट दिसतात, आणि ही सोय इतर दोन पर्यायांत अशी आयती मिळत नाही.

बटणं हवी असतील तर आर्केड खेळांसाठी मिळणारा यूएसबी एन्कोडर बोर्ड घ्या, बटणांच्या तारा त्याला जोडायच्या. तो संगणकाला कीबोर्ड किंवा जॉयस्टिक असल्यासारखा दिसतो, त्यामुळे प्रत्येक बटणाला गाणं नेमून देणं सोपं जातं.

आता अडचणी. बंद पेटीत लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो आणि हळू गाण्यात तो आवाज ऐकू येतो. बॅटरी जुनी आणि फुगलेली असेल तर ती काढूनच टाका. लाकडी पेटीत तशी बॅटरी कोंडणं धोक्याचं आहे. आणि चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक आवाज येऊ लागतो, तो ग्राउंड लूपचा, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर लॅपटॉपमधून स्पीकरकडे जाणाऱ्या ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका.

रास्पबेरी पाय

बटणं, कार्ड, पडदा, फोनवरून गाणी टाकणं, सगळं जमवता येतं ते इथे. म्हणूनच यात माणूस सर्वांत जास्त वेळ अडकतो.

आवाजाचं आधी बघा. पाय ३ आणि पाय ४ला हेडफोनची खाच आहे, पण तिथून येणाऱ्या आवाजात मागे खरखर जाणवते. पाय ५ आणि झीरोला ती खाचच नाही. तेव्हा वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, धरूनच चाला. पीसीएम५१०२ए चिपचा छोटा बोर्ड पायच्या जीपीआयओ १८, १९ आणि २१ या पिनांना जोडायचा, कॉन्फिग फाइलमध्ये त्याची एक ओळ घालायची, की चांगल्या अँप्लिफायरला शोभेल असा आवाज मिळतो. लहान पेटी असेल तर मॅक्स९८३५७ए वापरा. त्यात डॅक आणि सुमारे ३ वॅटचा अँप्लिफायर एकत्र आहे, स्पीकर थेट त्यालाच जोडायचा.

सॉफ्टवेअरला तोटा नाही. व्होल्युमिओ किंवा मूड ऑडिओ टाकलं की फोनच्या ब्राउझरवरून सगळं चालतं. पण मला स्वतःला फोनीबॉक्स या सॉफ्टवेअरची, कार्ड टेकवून गाणं लावायची पद्धत सर्वांत आवडते. १३.५६ मेगाहर्ट्झचा आरसी५२२ हा कार्ड रीडर पेटीच्या झाकणाखाली बसवायचा आणि प्रत्येक कार्डाला एक गाणं किंवा अख्खा अल्बम जोडायचा. माझ्या आईची पेटी अशीच आहे. कार्डांवर तिनं स्वतः चित्रं चिकटवली आहेत: भूपाळीला उगवता सूर्य, लावणीला घुंगरू, आणि एकावर नुसता माझ्या मावशीचा फोटो, कारण ते गाणं मावशीचं. ती कार्डं पत्त्यांसारखी पिसते, एक निवडते, झाकणावर ठेवते. यादी वाचावी लागत नाही, चष्मा शोधावा लागत नाही. रीडरवर पातळ लाकूड चालतं. पत्रा मात्र चालत नाही, त्यातून कार्ड वाचलंच जात नाही.

पायची मोठी खोड म्हणजे बंद करण्याची पद्धत. आधी शटडाउन द्यायचं आणि मग वीज काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला कोण सांगणार? आईनं सवयीप्रमाणे भिंतीवरचा खटका बंद केला आणि मेमरी कार्डावरची सिस्टीम बिघडली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी ओव्हरले फाइल सिस्टीम चालू केली, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही, आणि गाणी वेगळ्या पेन ड्राइव्हवर नेली. तेव्हापासून खटका कधीही बंद केला तरी चालतो. बदल्यात नवं कार्ड जोडायचं असेल तेव्हा ओव्हरले काढून पुन्हा लावावी लागते, आणि पेटी मागच्या वेळी कुठल्या गाण्यावर थांबली होती ते ती विसरते. शिवाय वीज दिल्यावर पहिलं गाणं वाजेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातो. चार्जर बोर्डासाठी सांगितलेल्या क्षमतेचाच घ्या. पाय ४ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. कमी पडलं तर आवाज अडखळतो आणि माणूस दोष स्पीकरला देतो.

डीएफप्लेअर मिनी

यात लिनक्स नाही, शटडाउन नाही, पासवर्ड नाही. वीज दिली की एक-दोन सेकंदांत तयार, आणि काढली की बंद. मॉड्यूलवर मायक्रो एसडी कार्डाची जागा आहे, ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलं कार्ड चालतं, आणि एक लहान स्पीकर थेट जोडता येतो. सोबत अर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड लावून बटणं वाचायची. दोघांमधल्या, मॉड्यूलकडे आज्ञा नेणाऱ्या आरएक्स तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर स्पीकरमध्ये टकटक ऐकू येते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. फ्लॅक वाजत नाही. गाण्याचं नाव, गायक, यातलं काही ते वाचत नाही. फाइलला ००१, ००२ असे आकडे आणि फोल्डरला ०१, ०२ असेच आकडे द्यावे लागतात. नावं मोकळी ठेवलीत तर कार्डावर ज्या क्रमानं कॉपी केली त्या क्रमानं गाणी वाजतात. मॅकवरून कॉपी करताना जाणाऱ्या लपलेल्या फाइलीही गाणी म्हणून मोजल्या जातात, त्या पुसून टाका. आणि याच नावानं मिळणाऱ्या मॉड्यूलवर वेगवेगळ्या चिप असतात, त्यामुळे एकावर चाललेला कोड दुसऱ्यावर अडू शकतो. एकाच ठिकाणाहून दोन घेऊन ठेवा.

वीस गाणी, वीस बटणं, प्रत्येकाशेजारी कागदाची पट्टी: लहान मुलांसाठी किंवा यंत्राशी झटापट नको असणाऱ्यांसाठी याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. त्या पट्टीचंही महत्त्व आहे. १६ बाय २चा जो स्वस्त एलसीडी डिस्प्ले सगळे सुचवतात, त्यात आपल्या मनाची फक्त ८ अक्षरं साठवता येतात. देवनागरी त्यावर मांडणं व्यर्थ. हातानं लिहिलेली पट्टी सुंदर दिसते आणि गाणं बदललं की मिनिटभरात बदलता येते.

पाय आणि डीएफप्लेअर यांच्या मधला ईएसपी३२ हा बोर्डही आहे. झटपट सुरू होतो, वायफाय आहे, कार्डंही वाचतो. कोड लिहायची आवड असेल तर तो जरूर बघा. पहिल्या पेटीसाठी मी सुचवणार नाही.

दोन गोष्टी ज्यांनी पेटी बनते किंवा बिघडते

एक गाणं चालू असताना दुसऱ्यानं बटण दाबलं तर काय व्हावं? जुन्या जुकबॉक्समध्ये ते गाणं रांगेत जायचं, चालू गाणं तोडलं जायचं नाही. माझ्या मते जुकबॉक्सचा जीव यातच आहे. आपलं गाणं कधी लागतं याची वाट बघत लोक पेटीभोवती थांबतात. एमपीडीत रांग तयारच असते, बटण दाबल्यावर गाणं तिच्या शेवटी जोडायचं एवढंच. डीएफप्लेअरला रांग ठाऊक नाही. तिथे अर्डुइनोनं रांग लक्षात ठेवायची आणि मॉड्यूलच्या बिझी पिनवर नजर ठेवायची: गाणं चालू असताना ती लो असते, संपलं की हाय होते, तेव्हा पुढचं लावायचं. हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे, ते टाळू नका.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. जुनं रेकॉर्डिंग हळू आणि नवं कानठळ्या बसवणारं, असं झालं की लोक पेटीजवळून उठतात. गाणं किती मोठ्यानं वाजवायचं याची नोंद फाइलमध्ये ठेवण्याची रिप्लेगेन ही पद्धत एमपीडी समजतो, म्हणून लॅपटॉप आणि पायवर गाण्यांना एकदा रिप्लेगेनचे टॅग लावले की भागतं. डीएफप्लेअरसाठी फाइलीच सारख्या कराव्या लागतात; एमपी३गेन हे काम १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी करतं आणि गाणं पुन्हा एन्कोड करत नाही.

तरीही पाय आणि डीएफप्लेअरमध्ये मन अडकलं असेल, तर ज्याच्यासाठी पेटी करताय त्यानं आठवडाभरात मागितलेली गाणी कागदावर लिहून काढा. चाळिसाच्या आत असतील तर डीएफप्लेअर. यादी वाढतच गेली, तर पाय. मागणी गाण्याच्या नावानं न होता "ते सिनेमातलं, पावसातलं" अशी होत असेल, तर पडदा आणि शोध लागणार, म्हणजे लॅपटॉप.

आणि प्लायवुड कापायच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं करून त्यावर बटणांच्या जागी गोल चकत्या चिकटवा, चार दिवस तसंच राहू द्या. डीएफप्लेअरच्या पेटीची बटणं मी उभ्या माणसाच्या हिशोबानं आखली होती. ती भाच्यासाठी होती, आणि तो पेटीसमोर मांडी घालून बसला तेव्हा वरची ओळ त्याच्या हाताला येईना. मी सगळी बटणं वीतभर खाली आणली.