मोटरहोमची समोरची काच गळते तेव्हा : बाहेरून सीलंट, नवे रबर की नवी काच?

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर डॅशबोर्डवर पाण्याचे ओघळ दिसले, की मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, बहुतेक मालक सिलिकॉनची ट्यूब आणायला निघतात. मीही तेच केले होते आणि पुढच्या उन्हाळ्यात मला त्याची भरपाई करावी लागली. ज्यांच्यासमोर आज हाच निर्णय आहे, त्यांच्यासाठी तीन मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवत आहे : काच न काढता बाहेरून सीलंट भरणे, तीच काच काढून नव्याने बसवणे, आणि काचच बदलणे.

त्याआधी आपल्या गाडीची काच कशाच्या आधारावर उभी आहे, हे पाहणे आवश्यक आहे. बस किंवा मिनीबसच्या चॅसीवर बॉडी बांधून घेतलेल्या गाड्यांमध्ये ती बहुधा जाड रबराच्या खाचेत बसवलेली असते आणि रबराच्या बाहेरच्या बाजूने एक बारीक पट्टी दाबून ते आवळलेले असते. रबराची कड बोथट पट्टीने सहज उचलता येते. अलीकडच्या व्हॅनमध्ये काच पॉलियुरेथेनने, म्हणजे कारागीर ज्याला पीयू म्हणतात त्याने, थेट लोखंडी चौकटीला चिकटवलेली असते आणि तिच्या कडेने काळा पट्टा दिसतो. रबराची काच गळते ती बहुधा रबर कडक होऊन आक्रसल्यामुळे; पीयूची गळते ती चिकटपणा कुठेतरी सुटल्यामुळे किंवा त्याखालची चौकट गंजल्यामुळे.

पाणी खरोखर काचेतूनच येते का, याचीही खात्री करावी. छतावरचे मार्कर दिवे, छताचा पुढचा सांधा, वायपरचा दांडा यांतून शिरलेले पाणी चौकटीमागून वाहत येऊन काचेच्या खालच्या कोपऱ्यातच प्रकट होते. आत एका माणसाला टॉर्च देऊन बसवावे आणि बाहेरून नळीने, दाब न देता, काचेच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून एकेका टप्प्यावर काही मिनिटे पाणी सोडत वर जावे. वरून सुरुवात केली तर सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. या कामाला तासभर लागतो, पण तो वाचवून पुढचा खर्च करणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

बाहेरून सीलंट भरण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त असून त्यासाठी गाडी दोन-तीन तासांपेक्षा जास्त अडकत नाही. मात्र यात काय भरले जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि उघड्या लोखंडावर त्यामुळे गंज वाढतो. त्याहून मोठी अडचण अशी, की सिलिकॉनचा पातळ थर जरी उरला तरी त्यावर पीयू धरत नाही आणि रंगही बसत नाही. माझ्या गाडीत नंतर काच काढली, तेव्हा कारागिराचा जवळजवळ अर्धा दिवस केवळ ते खरवडण्यात गेला. रबराच्या काचेसाठी न सुकणारे, कायम मऊ राहणारे ब्युटाइल जातीचे सीलंट रबर आणि काच यांच्या मध्ये, तसेच रबर आणि पत्रा यांच्या मध्ये, कड उचलून भरणे हा त्यामानाने निर्धोक उपाय आहे, कारण तो पुढे काढता येतो. पीयूने चिकटवलेल्या काचेवर मात्र बाहेरून काहीही भरणे मला पटत नाही. तेथे चिकटपणा हाच काचेचा आधार आहे. गळती वरून झाकली तरी सुटलेला भाग सुटलेलाच राहतो.

काच काढून पुन्हा बसवणे हे खर्चिक आणि जोखमीचे आहे, तरीही चौकटीची खरी अवस्था केवळ याच मार्गाने दिसते. काचेच्या आतल्या अस्तरावर तपकिरी डाग असतील, रबराखालचा रंग फुगलेला असेल, तर आत गंज आहे असे धरून चालावे, आणि अशा वेळी सीलंटने तो थांबत नाही, उलट पाणी आत कोंडले जाते. काच निघाल्यावर गंज घासून, गरज पडल्यास पत्र्याचा तुकडा वेल्ड करून, प्राइमर आणि रंग पूर्ण सुकू द्यावा लागतो. हे काम काचवाल्याचे नसून डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे आहे, त्यामुळे नागपूरजवळच्या वाडीसारख्या ट्रक-बसच्या वस्तीत, जेथे दोन्ही कारागीर जवळजवळ मिळतात, तेथे हे करून घेणे सोयीचे जाते. नवे रबर घेताना त्याचा काप, म्हणजे आडव्या छेदाचा आकार, जुन्याशी ताडून पाहावा. खाच एक-दोन मिलिमीटर जास्त रुंद असली तरी गळती परत येते. जुनेच रबर उलटून बसवून देतो असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. काच बसवताना गाडी सपाट जागी उभी असावी, कारण एक चाक उंचावर असले तर लांब बॉडीची चौकट किंचित पिळवटते आणि काच त्याच ताणात बसते. काढताना काच तडकली तर खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्यावे.

नवी काच घेण्याचे कारण केवळ गळती असू नये. काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. कडेने पाणी मुरून तो पडदा पांढुरका झाला असेल किंवा कडेपर्यंत तडा गेला असेल, तर तीच काच पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. विम्याचा विचारही येथेच करावा. सर्वसमावेशक विम्यात अपघाताने फुटलेल्या काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही, रबराच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो, आणि झिजेमुळे होणारी गळती विम्यात बसतच नाही.

यानंतर उरतो नागपूरच्या हवामानाचा प्रश्न, आणि तो गौण नाही. पीयू हवेतील ओलाव्याने घट्ट होते. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर २४ तासांत साधारण ३ ते ४ मिलिमीटर थर पक्का होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारची हवा इतकी कोरडी असते, की वरची साय लवकर धरते आणि आतला थर मागे राहतो. शिवाय उन्हात तापलेल्या पत्र्यावर प्राइमरही नीट बसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ओलावा भरपूर असतो, पण चौकट कोरडी मिळत नाही. म्हणून काच काढण्याचे काम शक्यतो दिवाळीनंतर, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात, शेडखाली करून घ्यावे.

माझे मत यावरून असे झाले आहे. रबर मऊ आहे, गंजाची खूण नाही आणि पाऊस सुरू झाला आहे, तर ब्युटाइल भरून हंगाम काढावा आणि थंडीत पुन्हा तपासावे. रबर तडकले आहे किंवा कोठेही गंज दिसतो, तर काच काढावीच. ती स्वच्छ असेल तर तीच परत बसवावी. पीयूची काच गळत असेल, तर ऋतू कोणताही असो, बंद शेड असलेला कारागीर शोधून ती नव्याने चिकटवून घ्यावी, आणि ट्यूबवर छापलेली पीयू पक्के होण्याची मुदत संपेपर्यंत पेंच किंवा ताडोब्याचाच काय, वाडी नाक्यापर्यंतचाही प्रवास करू नये. मुदत संपल्यावर त्याच शेडमध्ये, अस्तर आणि डॅशबोर्ड परत बसवण्यापूर्वी, पुन्हा नळी लावून खालून वर पाणी मारून पाहावे.